एक्कावन्न किलोंचा पाव्हणा

मामाचा फोन मला साधारण दोन कारणांसाठी येतो. एक म्हणजे एसटीने आंबे पाठवलेत, स्वारगेटला जाऊन घे. दुसरं म्हणजे जिप्सीचं काहीतरी निघालंय. जूनमधल्या त्या रविवारी सकाळी सातला फोन वाजला तेव्हा आंबे संपत आले होते. त्यामुळे काय ते ओळखूनच मी फोन उचलला.

"पोरी, आज सुट्टी हाय न्हवं तुला? भोसरीला यायलोय. बंपर न्यायचाय. दोन तासांचं काम. मग तुला घेऊनच घरी जातो. मामीनं मटणाचा बेत केलाय."

हॉस्टेलच्या मेसला रविवारी रात्री सुट्टी असते. हे वाक्य पुण्यात राहणाऱ्या कुणालाही समजावून सांगायची गरज नाही. मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, शनिवारी रात्री उशिरापर्यंत जागले होते, बाहेर पाऊस होता. तरी मटण जिंकलं. आणि बंपर म्हणजे काय, प्लास्टिकचा लांबडा तुकडा, मागच्या सीटवर टाकायचा आणि निघायचं, असं माझ्या डोळ्यांपुढे होतं. अभ्यासक्रमात बंपरवर एक ओळसुद्धा नाही, त्याचा हा परिणाम.

मामाची जिप्सी म्हणजे आमच्या घरातली वादग्रस्त सदस्य. लष्कराच्या लिलावातून घेतलेली, सॉफ्ट टॉप. म्हणजे डोक्यावर पत्रा नाही, कापडी हूड. मारुतीने ही गाडी १९८५ साली आणली. पुढे ती पोलीस, वनखातं आणि सैन्याची झाली आणि मग हिरो-हिरॉइनची. आता शोरूममध्ये नवी मिळत नाही, म्हणून जुनीचे भाव ऐकून माणूस खाली बसतो. चारही चाकांना पाट्यांचं सस्पेन्शन असल्याने खड्डा लागला की तो आधी कंबरेला कळतो आणि नंतर डोळ्यांना. मामा मात्र तिच्यावर पोटच्या पोरासारखा जीव लावतो. घेतल्या घेतल्या त्याने तिचा लष्करी हिरवा रंग काढून पांढरा मारला, कारण तो हिरवा खासगी गाडीला कायद्याने चालत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

बंपरची गरज गेल्या पावसाळ्यात निर्माण झाली. कासच्या बाजूला मित्रांबरोबर चिखलात गाडी घालायची हौस झाली आणि जिप्सी दारापर्यंत रुतली. शेवटी कुणाचा तरी ट्रॅक्टर आला, कुणीतरी घाईघाईत दोर पुढच्या बंपरला बांधला, ट्रॅक्टरने झटका दिला आणि गाडीऐवजी बंपर बाहेर आला. दोर नेहमी चासीला जोडलेल्या हुकाला बांधायचा असतो, बंपरला नाही, हे सगळ्यांना त्यानंतर आठवलं. तेव्हापासून मामाच्या डोक्यात एकच: चासीला बोल्टने बसणारा जाड पत्र्याचा बंपर, त्यात विंच बसवायला पाट, दोन बाजूंना दोर अडकवायला भक्कम कड्या आणि वर नळीची कमान.

हे खूळ त्याच्या एकट्याचं नाही. असे बंपर ऑस्ट्रेलियात वाढले, कारण तिकडे रात्री मोकळ्या रस्त्यावर कांगारू समोर येतात. म्हणून त्यांना 'रू बार' म्हणायचे. या धंद्यातली बडी कंपनी एआरबी मेलबर्नमध्ये १९७५ साली सुरू झाली. आपल्याकडे गोव्यात २०१४ पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज होते. तिथे विंचशिवाय गाडी पुढेच सरकत नाही आणि विंच बसवायची तर तिला धरून ठेवणारा दणकट बंपर लागतोच. म्हणजे वस्तू निरुपयोगी अजिबात नाही. ती कुठल्या रस्त्यावर आणि कुणासमोर फिरणार, एवढाच प्रश्न असतो. तोपर्यंत आम्हा दोघांपैकी कुणीच तो विचारला नव्हता.

भोसरीच्या एमआयडीसीत गल्लीच्या टोकाला एक शेड होतं. वेल्डिंगच्या ठिणग्या, पावसाने भिजलेला पत्र्यांचा ढीग आणि मध्ये दोन लाकडी ओंडक्यांवर आमचा बंपर. काळ्या मॅट रंगात, एखाद्या रेड्याने शिंगं रोखावीत तसा. मी आधी त्याच्याकडे बघितलं, मग जिप्सीकडे, मग मामाकडे.

"बसंल की," मामा म्हणाला. पण आवाज जरा खाली आला होता.

शेडवाल्यांनी ट्रान्सपोर्टचं आधीच सांगून ठेवलं होतं. लाकडी चौकटीत पॅक करायचं, टेम्पोने गोडाऊनला, तिथून साताऱ्याला, तिथून पुन्हा आपला आपण न्यायचा. मामाने आकडा ऐकून "एवढ्यात तर अजून एक बंपर होईल" असं जाहीर केलं आणि बंपर स्वतःच न्यायचा ठरला. खरं तर तेवढा महाग सौदा नव्हता तो. पण जंगलात, नदीत, डोंगरावर जाणारी गाडी दारात असताना वस्तू ट्रान्सपोर्टने मागवणं मामाला कमीपणाचं वाटत होतं. ऑफरोड गाड्यांची गंमत तीच आहे. बाहेरून दिसतात दांडग्या, पण आत जागा बघायला गेलं तर साध्या हॅचबॅकची डिकी बरी.

मी टेप मागितली. बंपर पाच फूट लांब. कमानीसकट उंची अडीच फूट, मधल्या भागात खोली दीड फूट. "वजन किती हो?" असं विचारल्यावर तिथला माणूस म्हणाला, "असंल तीस-पस्तीस किलो, दोघांत उचलतोय आम्ही."

आता इथे माझं शिक्षण पहिल्यांदा उपयोगी पडलं. पोलादाची घनता एका घनमीटरला ७८५० किलो. म्हणजे ४ मिलीमीटर जाडीच्या पत्र्याचा एक चौरस मीटर तुकडा ३१ किलोंच्या वर जातो. आमच्या बंपरला अंदाजे सव्वा चौरस मीटर पत्रा लागला होता. तिथेच एकोणचाळीस किलो झाले. वर नळ्या, कड्या, चासीला बसणारे जाड पाट. मी मोबाइलवर आकडेमोड करून पन्नास सांगितले. शेजारच्या भंगारवाल्याचा काटा एक्कावन्न बोलला. मामाने माझ्याकडे ज्या अभिमानाने बघितलं, तसा तो माझ्या बारावीच्या निकालालाही बघितला नव्हता.

एक्कावन्न किलो म्हणजे जवळपास माझ्याएवढंच वजन. फक्त मला सीटबेल्ट असतो.

चढवण्याचा कार्यक्रम तासभर चालला. मागच्या फाळक्यावर स्टेपनी, त्यामुळे मागून घालायचा प्रश्नच नव्हता. शेवटी हूड पूर्ण सोडून गुंडाळला, मागच्या दोन समोरासमोरच्या बाकांपैकी एक काढून शेडमध्येच ठेवला आणि चार पोरांनी बंपर वरून आत उतरवला, विहिरीत मोटर सोडतात तसा. तो बसला कसा, ते नीट सांगते, कारण सगळं रामायण त्यातूनच घडलं. एक टोक आमच्या दोघांच्या सीटच्या मधल्या फटीत खाली, गिअरच्या दांड्याच्या मागे वीतभर अंतरावर. दुसरं टोक मागच्या फाळक्याच्या काठावर टेकलेलं आणि दीड फूट बाहेर. म्हणजे बंपर आत शिरतानाच पुढच्या बाजूला उतरता होता. त्यावर बाजारातली निळी प्लास्टिकची दोरी चार वेढे मारून बांधली, मागच्या टोकाला वेल्डरचा लाल रुमाल लटकवला, वर ताडपत्री टाकली.

"हलतोय का बघ," मामा म्हणाला.

मी बंपर धरून हलवला. बंपर हलला नाही, जिप्सी हलली. आम्हाला दोघांनाही ते पुरेसं वाटलं.

चांदणी चौकापर्यंत मजा आली. सिग्नलला बाइकवाले ताडपत्रीखाली काय आहे म्हणून वाकून बघायचे. एकाने तर "ओ काका, रणगाडा कुठं निघाला?" असं विचारलं. हूड नसल्यामुळे पाऊस थेट अंगावर. मामाने रेनकोट मला दिला आणि स्वतः खताची प्लास्टिकची पिशवी डोक्याला घातली. नवले पुलाच्या उतारावर मात्र आम्ही दोघंही गप्प झालो. तिथे पुण्यातलं कुणीही गप्प होतं. पुढचा टेम्पो अचानक थांबला, मामाने ब्रेक दाबला आणि माझ्या डाव्या नाही, उजव्या कोपराशी काहीतरी खरवडल्यासारखा आवाज आला. मी वळून बघितलं. बंपरचं टोक जागेवरच होतं. निदान तसं वाटलं. मगाशी ते गिअरच्या दांड्यापासून वीतभर लांब होतं, आता चार बोटं. मी हे बोलले नाही. का नाही बोलले, याचं उत्तर माझ्याकडे आजही धड नाही. भिजले होते, मामा खुशीत होता आणि आपण बांधलेली गोष्ट सैल झालीय हे कबूल करायचा कंटाळा आला होता, असं काहीतरी.

खेड शिवापूरला वडापाव खाल्ले, शिरवळला न थांबता गेलो. खंबाटकी चढताना बंपर अगदी गुणी पोरासारखा वागला. साहजिक आहे. चढावर गाडीचं तोंड वर, त्यामुळे बंपरचा पुढचा उतार तेवढ्यापुरता कमी झाला होता. मी मनात म्हटलं, उगाच घाबरलो.

घाटमाथा ओलांडला आणि वेळ्याच्या बाजूचा उतार लागला.

ट्रकवाल्यांचा जुना नियम मामा पाळतो: ज्या गिअरमध्ये घाट चढलो, त्याच गिअरमध्ये उतरायचा. गाडी तिसऱ्यात होती, त्याला दुसरा टाकायचा होता. ज्यांनी गिअरची गाडी चालवली आहे त्यांना माहीत आहे, तिसरा पुढे आणि दुसरा मागे. मामाने क्लच दाबला, दांडा मागे ओढला आणि दांडा आलाच नाही. बंपर घसरून दांड्याला चिकटून बसला होता. दुसरा सोडा, न्यूट्रलसुद्धा होईना. आणि हँडब्रेक? तो बंपरच्या टोकाच्या बरोबर खाली.

"पोरी, मागं ढकल त्याला."

मी वळून दोन्ही हातांनी ढकललं. ओला पत्रा, ओली जमीन, दुहेरी उतार. वर घाटाचा, खाली फाळक्यापासूनचा. मामा ब्रेक दाबेल तसा बंपर अजून पुढे रेटायचा, आणि ब्रेक तर सोडता येत नव्हता. त्याचा डावा हात दांडा आणि पत्रा यांच्या मध्ये अडकला होता. कोपरापासून मनगटापर्यंत साल निघालं होतं, पण त्याचं लक्ष नव्हतं. मागे एक कंटेनर हॉर्न वाजवत होता. डाव्या बाजूने एक बाइक आमच्या पुढे जायला बघत होती. नवरा, बायको आणि मधे पोर, तिघांवर मिळून एक रेनकोट. त्यांच्या डोक्याच्या उंचीवर आमचं दीड फूट बाहेर आलेलं टोक डोलत होतं. बाइकवाल्याने ते बघितलं, वेग कमी केला आणि मागे राहिला. तो लाल रुमाल बघून थांबला की आमची दशा बघून, कोण जाणे.

मामाने गाडी कडेला घेतली, हळूहळू, क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून धरून. थांबल्यावर इंजिन बंद केलं, पण ब्रेकवरचा पाय तसाच. "खाली उतर. दगड बघ. पुढच्या चाकाला लाव."

घाटात दगड शोधावे लागत नाहीत. बंद पडलेल्या ट्रकना लावलेले दगड लोक तसेच रस्त्यावर सोडून जातात. एरवी मी त्यांना शिव्या घालते. त्या दिवशी दोन मोठे दगड मी छातीशी धरून आणले आणि चाकांपुढे सारले. मामाने ब्रेक सोडला. जिप्सी इंचभर पुढे आली, दगडावर टेकली, थांबली. मग मी रस्त्याच्या कडेला बसले. उठायचं म्हटलं तरी पाय उचलेनात.

नंतर हॉस्टेलवर येऊन मी हिशोब केला, तो इथेच सांगून टाकते. समजा गाडी ताशी ५० किलोमीटरने चाललीय आणि कशावर तरी आपटून एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली. आतली न बांधलेली वस्तू त्या क्षणी स्वतःच्या वजनाच्या सुमारे चौदा पट जोराने पुढे जाते. एक्कावन्न गुणिले चौदा म्हणजे सातशे किलोंच्या वर. आमच्या दोन सीटच्या मधून. निळ्या दोरीच्या भरवशावर.

आमच्या मागे एक कांद्याचा ट्रक थांबला. ड्रायव्हर वयस्कर, पांढऱ्या मिशा, क्लीनर माझ्या वयाचा. ड्रायव्हरने खाली उतरून ताडपत्री उचलली, आत बघितलं, मग मामाकडे.

"पाव्हणं, ह्यो गाडीचा बंपर हाय की बंपरची गाडी?"

मामा हसला. घाटात पहिल्यांदाच.

मग त्या माणसाने जे केलं ते मी चार सेमिस्टरमध्ये शिकले नसते. आधी निळ्या दोरीला हात लावून म्हणाला, "ही फुलांच्या हाराला बरी. गुळगुळीत असती, भिजली का गाठ सरकती, वर ताणबी देती." दुसरं, "तुम्ही नुसतं वरून दाबलंय. वरून बांधलेला माल वर उडत न्हाय, पण पुढं जातो. मालाला पुढं जायला जागाच ठेवायची न्हाय." तिसरं त्याने तोंडाने सांगितलं नाही. चौघांनी बंपर उचलला, राहिलेला बाक दुमडून उभा केला आणि बंपर आत तिरका ठेवला. एक टोक मागच्या उजव्या कोपऱ्यात, दुसरं डाव्या बाजूला माझ्या सीटच्या पाठीमागे, सपाट जमिनीवर. बंपरची दोन्ही टोकं निमुळती असतात, ती कोपऱ्यांत बरोबर शिरली. बाहेर काहीच नाही. सीटच्या मध्ये काहीच नाही.

चार फूट लांब आणि चार फूट रुंद जागेचा कर्ण साडेपाच फुटांच्या वर येतो. पायथागोरस. शाळेत शिकतात. भोसरीत टेप हातात असताना मला सुचलं नव्हतं आणि ट्रकवाल्याला नुसतं बघून कळलं.

त्याच्या क्लीनरने खाली दोन गोणपाटं आणि ट्रकची फाटकी ट्यूब अंथरली. पत्र्यावर पत्रा घसरतो, रबरावर घसरत नाही. पुढच्या बाजूला लाकडाचा ओंडका अडण म्हणून ठोकून बसवला. मग काथ्याची दोरी. दोरीच्या मध्येच एक फास काढायचा, टोक हुकातून फिरवून त्या फासातून ओढायचं आणि ताणायचं. कप्पीसारखं काम होतं. ओढलेल्या जोराच्या दुपटी-तिपटीने दोरी आवळते. मी ती गाठ तिथेच तीनदा मारून बघितली. पोरगा म्हणाला, "ताई, तुला जमतीय." यंदाच्या वर्षात मला मिळालेला सगळ्यात प्रामाणिक शेरा हाच.

मामाने पैसे काढले. म्हातारा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. कुणाला तरी असंच बांधून द्या." आणि गेला.

सुरूरला चहा प्यायला थांबलो. मामाच्या हाताला मी रुमाल बांधला. तो मोबाइलवर बंपरचा फोटो बघत होता, मी कायदा बघत होते. काय काय वाचलं ते त्याला मोठ्याने सांगत गेले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ७ डिसेंबर २०१७ रोजी सगळ्या राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला सांगितलंय, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे तो बेकायदा बदल ठरतो. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळं होईल असा बदल मालकाला करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि गाडीबाहेर मर्यादेपेक्षा जास्त आलेल्या मालाला वेगळा दंड, वीस हजार.

"घाटापर्यंत आपण दीड फूट बाहेर होतो," मी म्हटलं.

मामा म्हणाला, "ते एअरबॅगच्या गाड्यांसाठी असतंय. माझ्या गाडीत एअरबॅगच न्हाय."

हा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. नव्या गाड्यांमध्ये धडक ओळखणारे सेन्सर असतात, पुढे लोखंड लावलं की एअरबॅग कधी फुगायची याचं गणित बिघडू शकतं. जिप्सीला ते लागू नाही. पण साधा बंपर धडकेत चेपतो आणि चेपताना थोडा मार स्वतः खातो. चासीला बोल्टने आवळलेलं ४ मिलीमीटरचं पोलाद चेपत नाही. तो मार मागे चासीत आणि तिथून माणसांत जातो. आणि समोर जो असेल त्याच्यात. युरोपियन युनियनने २००५ साली गाडीपुढच्या अशा गार्डवर नियम आणले ते पायी चालणाऱ्यांसाठी, गाडीतल्यांसाठी नव्हे. मी हे सगळं सांगितलं. मामा चहा पीत राहिला. शेवटी म्हणाला, "अठरा हजार दिलेत मी."

"रंग का बदलला होता मग तुम्ही? हिरवा चालत नाही म्हणूनच ना?"

"रंगाला अठरा हजार न्हवते लागले," तो म्हणाला. याच्यावर काय बोलणार?

घरी पोचायला संध्याकाळ झाली. आजी ओट्यावर बसली होती. तिने जिप्सीत डोकावून विचारलं, "नांगर आणला व्हय?" मामीने हाताचा रुमाल बघितला आणि मटणाचं पातेलं उतरवायच्या आधी हळदीचा डबा काढला. काही विचारलं नाही. आमच्याकडे बायका विचारत नाहीत तेव्हा जास्त भीती वाटते.

मामाला मात्र दम नव्हता. शेजारचे दोघं आले, बंपर उतरवला, आणि कसा दिसतो ते बघायला जिप्सीपुढे विटांच्या दोन चवडी रचून बरोबर बसवायच्या उंचीवर ठेवला. दिसत होता खरा. खोटं कशाला बोलू, मीही फोटो काढला. एवढ्यात मामाची धाकटी, पाच वर्षांची, धावत आली आणि दोन्ही हातांनी वरची कमान धरून लोंबायला गेली. नळी बरोबर तिच्या तोंडासमोर आली. दातांच्या रेषेत. तिने तिथूनच पलीकडे बघून मला वाकुल्या दाखवल्या.

आमच्या गल्लीत संध्याकाळी पंधरा-वीस पोरं खेळत असतात. मामाची जिप्सी रोज त्यांच्यामधूनच वळून आत येते.

"बाजूला हो गं," मामा म्हणाला. मग त्याने स्वतः तिला उचलून ओट्यावर नेऊन ठेवलं आणि परत येऊन बराच वेळ कमानीवरून हात फिरवत उभा राहिला. पाना आणायला गेलेल्या शेजाऱ्याला म्हणाला, "ऱ्हाऊ दे आज. उद्या बघू."

तो उद्या तीन आठवडे झाले तरी आला नव्हता. बंपर गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा होता. आजीने त्याच्या विंचच्या पाटावर खुरप्या आणि विळे ठेवायला सुरुवात केली होती. कमान कापून टाकावी का, नुसता खालचा भाग ठेवावा का, तो तरी रस्त्यावर चालतो का, कार्यक्रमापुरता बसवून परत जुना लावावा का, यावर मामा रोज रात्री मित्रांशी फोनवर बोलायचा, आणि मामी म्हणे रोज रात्री दिवा घालवायची.

गेल्या रविवारी सकाळी सातला फोन वाजला. आंबे तर कधीच संपलेत.

"पोरी, भोसरीवाले बंपर परत घ्यायला तयार हायत. अकरा हजार देतो म्हणाले. आपण न्हेऊन द्यायचा. वर आपला बाकबी तिथंच पडलाय. तू इकडं यं, इथनं संगं निघू."

"ट्रान्सपोर्टने पाठवा की."

"त्यात चार हजार जातील. आपली गाडी हाय की."

मी एक मिनिट विचार केला. मेस रात्री बंद.

"येते. पण बांधणार मी. दोरी कुठली आहे?"

"काथ्याच आणलाय," मामा म्हणाला. "गोणपाटं वाळत घातलीत. ट्यूब तेवढी तू बघ."